गीझरवाले आहेर

आमच्या बाथरूमला आतून कडी नाही. नवा पाहुणा आत जातो, दार लावतो, जरा वेळ चाचपडतो आणि मग अर्धं तोंड बाहेर काढून विचारतो, "कडी कुठंय हो?" मी सांगते, दाराबाहेर तो निळा मग ठेवा, म्हणजे कुणी दार ढकलत नाही. पाहुणा हो हो म्हणतो, पण त्याचा विश्वास बसलेला नसतो. माझे एक मावसदीर तर अंघोळीशिवायच परत गेले. कडी काढली गीझरवाल्या आहेरांनी. नुसती काढली नाही, खिशात घालून नेली. ठेवून गेले असते तर अण्णांनी तासाभरात ती पुन्हा ठोकली असती, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं होतं.

अण्णा माझे सासरे. मनमाडला रेल्वेत फिटर होते. वाफेची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे गॅस गीझर म्हणजे त्यांच्या लेखी खेळणं. आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत हा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तेव्हा गीझर आधीच्या मालकाने बाथरूममध्ये बसवून ठेवलेला होता. पहिल्याच डिसेंबरात तो पेटेना. अण्णांनी तीन दिवस त्याच्याशी झटापट केली, सेल बदलले, सेल उलटे घातले, झाकण काढलं, झाकण बसवलं, दोन स्क्रू उरले. चौथ्या दिवशी सोसायटीतल्या कुणीतरी आहेरांचा नंबर दिला.

आले ते पन्नाशीतले, काटकुळे गृहस्थ. हातात रंगाच्या दुकानाची कापडी पिशवी, त्यात हत्यारं. चपला जिन्यातच काढल्या. काय झालंय, कधीपासून, काहीच विचारलं नाही. बाथरूममध्ये उभे राहिले आणि मला म्हणाले, "वहिनी, गरम नळ सोडा." मी नळ सोडला. ते मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत राहिले. गीझरमधून टकटक टकटक असा ठिणगीचा आवाज यायला लागला.

"बोलतोय," ते म्हणाले. "बोलतोय म्हंजी सेल चांगले, पाण्याला जोर बी हाय. मग पेटत का नाय? गॅस पोचत नाय."

"गॅस आहे," अण्णा म्हणाले. "मी स्वतः टाकी जोडलीय."

आहेर टाकीपाशी गेले, वाकले आणि रेग्युलेटरचं बटण फिरवून आले. अण्णा रोज रात्री टाकी बंद करत आणि सकाळी उघडायला विसरत. एवढंच होतं. गीझर भस्सकन पेटला. अण्णांनी छताकडे बघितलं. मला हसू आवरेना म्हणून मी चहाचं निमित्त करून आत गेले.

पण आहेर निघाले नाहीत. तिथेच पालथ्या बादलीवर बसून राहिले, नळ चालू ठेवून. तीन-चार मिनिटांनी गीझर आपोआप विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. आता मात्र त्यांनी मान वर करून खिडकी पाहिली. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमध्ये अण्णांनी वर्तमानपत्रं कोंबली होती आणि वरून चिकटपट्टी लावली होती. निफाडकडून वारा येतो, असं अण्णांचं म्हणणं. थंडीत आमच्याकडे सगळेच असं करतात.

"हा खराब नाय झाला, वहिनी," आहेर म्हणाले. "ह्याला दम लागलाय. हवा नाय आत. तो इझतोय हे तुमचं नशीब समजा. काही इझत नायत."

मग त्यांनी देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली. वर्तमानपत्रं काढली, उदबत्ती खिडकीपाशी धरली आणि धूर कुठे जातो ते बघत बसले. धूर आतच घुटमळला. ही त्यांची तपासणीची रीत. प्रत्येक घरी ते उदबत्ती मागत, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटे की हा माणूस गीझरची पूजा करतोय. गीझर बाथरूमच्या बाहेर काढायचा, ड्राय बाल्कनीत, असं ते म्हणाले. अण्णांनी साफ नकार दिला. भिंत फोडायची, पाइप फिरवायचा, कशासाठी? मग दोघांत जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आहेर भांडत नसत. ते नुसते जात नसत. शेवटी खिडकीच्या दोन पट्ट्या कायमच्या काढायच्या आणि दाराची कडी काढायची, एवढ्यावर तह झाला. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "हा मीच बसवला व्हता. आधीच्या मालकाला. तवा सगळेच आत बसवायचे."

असे त्यांनी बसवलेले गीझर या भागात किती होते कोण जाणे. नवी इमारत झाली की बिल्डर त्यांनाच बोलवायचा. आता ते एकेका घरी जाऊन तेच गीझर बाहेर काढायच्या मागे लागले होते. लोक वैतागायचे. फुकट काढून देतो म्हटलं की लोकांना आणखी संशय यायचा. आमच्या सोसायटीतली बाकीची घरं त्यांनी एकेक करून पटवली; अण्णा तेवढे उरले.

जिथे गीझर आत होता तिथे त्यांचा आणखी एक दंडक असे. अंघोळ गात करायची. गाता येत नसेल तर बोलत करायची, पण आवाज बाहेर आला पाहिजे, आणि बंद झाला की बाहेरच्याने दार ढकलायचं. अण्णांना गाणं म्हणजे थिल्लरपणा. पण आहेर गेल्यावर त्यांनी आपली वेगळी सोय काढली. ते स्टेशनं म्हणत. मनमाड, लासलगाव, उगाव, निफाड, खेरवाडी, ओढा. देवळालीपर्यंत साबण, घोटीला डोक्यावर पाणी, इगतपुरीला टॉवेल. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकत असे. एकदा गाडी ओढ्याला थांबली आणि पुढे सरकेना. मी लाटणं टाकून धावले. अण्णा पाठीला हात पोचवत उभे होते. "सिग्नल नाही," ते म्हणाले. दार लाव म्हणाले. नंतर दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आहेरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा हसलेले मी पाहिले. त्यांचं हसू फार टिकत नसे. सायखेड्याला त्यांच्या भावाची भाजीची शेती, बायकोही तिथेच. आहेर इथे एक खोली घेऊन राहत आणि शनिवारी गावी जात. "तिकडं गंगेच्या काठाला बसलं की लय बरं वाटतं," म्हणायचे; गंगा म्हणजे गोदावरी. मग जात का नाही कायमचे, असं मी विचारलं की ठरलेलं उत्तर, "एवढं उरकलं की जातो." हे 'एवढं' काय, ते मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

आमच्या वरच्या मजल्यावर निर्मलाताई बोरस्ते राहतात. सोसायटीत त्यांच्याइतकं चहाचं वेड कुणाला नसेल. पोस्टमन असो, वीजमीटर बघणारा असो, दारात उभा राहिला की आधण चढलंच. नको म्हटलेलं त्यांना खपत नाही. मी नवीन होते तेव्हा मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी त्यांना हळदीकुंकवाला बोलवायला गेले. त्या म्हणाल्या, "मी ते सोडलंय. तू कर, पण मला बोलवू नको." मग बसवून सांगितलं. त्यांची पूनम, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मार्गशीर्षातला गुरुवार, सकाळी उठली ती अंगात कणकण घेऊनच. आदल्या दिवशीही नीट जेवली नव्हती. आईला म्हणाली, आज उपवास नको, निदान चहा तरी दे. निर्मलाताई म्हणाल्या, आधी डोक्यावरून अंघोळ कर, पूजा मांड, मग चहा. पूनम अंघोळीला गेली आणि बाथरूममध्येच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. "हृदय नाही गं," निर्मलाताई मला म्हणाल्या. "उपाशी होती. एक कप चहा दिला असता तर पोर उभी राहिली असती. मीच मारली तिला."

त्या हिवाळ्यात आहेर आमच्या गीझरची जाळी साफ करायला आले होते. टाकीच्या पाण्याबरोबर वाळू येते, ती जाळीत अडकते, पाण्याचा जोर कमी होतो आणि गीझर टकटकतही नाही. ते टूथब्रशने जाळी घासत होते आणि मी उगाच बोलायचं म्हणून बोलत होते. बोलता बोलता निर्मलाताईंचा विषय निघाला. बिचाऱ्या त्या चहाचं मनाला लावून बसल्यात, असं म्हणत मी सगळं सांगून टाकलं.

घासण्याचा आवाज थांबला. मी बघितलं तर आहेर हातातल्या जाळीकडे बघत होते.

"त्या असं समजतात?" त्यांनी विचारलं.

"असंच समजतात."

"मला वाटलं डॉक्टरनं सांगितलं ते त्यांनी धरलं," ते म्हणाले. "हृदयाचं. म्हणून मी गप ऱ्हायलो."

मग बादलीवर बसून, अधूनमधून थांबत, त्यांनी मला सांगितलं. वरचाही गीझर त्यांनीच आत बसवलेला. त्या दिवशी ते शेजारच्या विंगमध्ये काम करत होते. आरडाओरडा ऐकून धावले. हत्यारं त्यांच्याकडेच होती, म्हणून दार त्यांनीच तोडलं. गीझर पेटलेलाच होता, गरम पाणी वाहत होतं, खिडकी थंडीमुळे गच्च बंद. आत पाऊल टाकलं आणि त्यांचंही डोकं जड झालं. वास कसलाच नव्हता. काय झालं ते तेव्हा त्यांना कळलं नाही. महिन्याभराने धंद्यातल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, की कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की ज्योत विष सोडते, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस बसल्या जागी जातो. दुसऱ्याच दिवशी आहेर वर गेले, गीझर जुना झालाय असं काहीतरी सांगून काढून नेला आणि विजेचा बसवून दिला. कुणी काही विचारलं नाही. निर्मलाताईंनी चहा दिला.

"पोरीला कळलं व्हतं, वहिनी," ते अगदी हळू म्हणाले. "कडी अर्धी सरकावलेली व्हती. दाराशी पडली व्हती ती. हात कडीखाली. मी दार तोडलं म्हणून मलाच दिसलं. त्यांना मी आत येऊ दिलं नाय."

कडी काढून का नेतात, ते मला तेव्हा समजलं. उठून मी उगाच नळ सोडला आणि बंद केला.

ते वर्ष आम्ही दोघांनी अडकल्यासारखं काढलं. आहेरांनी ठरवलं होतं की सांगायचं. सोसायटीत काही काम निघालं की ते आधी आमच्या दाराशी थांबत, "आज सांगतो," म्हणत आणि जिना चढत. मी दार किलकिलं करून उभी राही. कधी वरच्या वळणापर्यंत जाऊन ते परत येत. कधी घरात जात, वीस मिनिटांनी खाली येत, आणि मी विचारायच्या आधीच मान हलवत. "चहा ठेवला त्यांनी. कपबशी हातात आली की तोंड उघडत नाय माझं."

एकदा मी चिडले. म्हटलं, "आहेर, ती बाई वर्षानुवर्षं स्वतःला खुनी समजतेय आणि तुम्ही बिस्किटं बुडवून खाताय. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"सांगा," ते म्हणाले. "पाया पडतो, तुमीच सांगा."

मोठ्या तोऱ्यात मी वर गेले. निर्मलाताईंनी दार उघडलं, बस म्हणाल्या, आधण ठेवलं. मी लोणच्याची बाटली मागितली आणि घेऊन खाली आले. त्या लोणच्याकडे बघायचीही मला लाज वाटत होती. त्यानंतर मी आहेरांना कधी टाकून बोलले नाही.

पुन्हा मार्गशीर्ष आला. दुसऱ्या गुरुवारी दुपारी मी कलशासाठी पानं निवडत होते तेव्हा आहेर दाराशी आले. हातात पिशवी नव्हती. हत्यारांशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. "वहिनी, संगं चला," म्हणाले. "एकट्यानं व्हत नाय."

निर्मलाताई आम्हाला बघून खूश झाल्या. "या आहेर भाऊ, बसा," म्हणत ओट्याकडे वळल्या. आहेर बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी पाठमोऱ्या ताईंना सांगायला सुरुवात केली.

"ताई, पूनम उपासानं गेली नाय. चहानं बी नाय. गीझरनं गेली."

निर्मलाताई साखरेचा चमचा हातात घेऊन वळल्या. आहेर सांगत राहिले. खिडकी बंद होती, गीझर आत होता, ज्योतीनं विष सोडलं. बसवला मी होता. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. महिन्यानं कळलं, म्हणून तो काढून नेला. कडीचं तेवढं ते बोलले नाहीत. पातेल्यातला चहा उतू गेला आणि शेगडी विझली; मी पुढे होऊन बटण बंद केलं.

"चहा प्यायली असती तरी?" निर्मलाताईंनी विचारलं.

"तरी बी."

"जेवली असती पोटभर, तरी?"

"तरी बी, ताई. धडधाकट माणूस बी जातं."

त्या ओट्याला टेकल्या. मला वाटलं आता रडतील, आणि रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"महिन्यानं कळलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आणि किती वर्षं झाली?"

"आठ."

"आठ वर्षं तुम्ही इथं बसून माझ्या हातचा चहा पिताय."

आहेरांनी मान खाली घातली. "जा तुम्ही," निर्मलाताई म्हणाल्या. ते हलले नाहीत. "जा म्हटलं ना. परत येऊ नका." तेव्हा ते गेले. मी मागे थांबायला लागले तर त्यांनी मलाही हाताने जा म्हणून खुणावलं. खाली आले तर आहेर आमच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं होतं, सांगून झालं की त्यांचा चेहरा सुटेल. तसं काही झालं नव्हतं. "सायखेड्याला जा आता," मी म्हटलं. ते म्हणाले, "तुमचा गीझर ऱ्हायलाय."

त्या संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते सकाळी अंघोळीला जाताना म्हणाले, "त्या आहेरांना बोलव. बाहेर काढू दे तो."

पंधरवड्याने काम निघालं. भिंतीला भोक पाडून झालं होतं, पाइप फिरवून झाला होता, आहेर ड्राय बाल्कनीत स्टुलावर चढून गीझर भिंतीला बसवत होते. त्यांचं जाणंयेणं चालू असल्यामुळे मी घराचं दार उघडंच ठेवलं होतं. आमच्या दारातून स्वयंपाकघर ओलांडून बाल्कनी सरळ दिसते. निर्मलाताई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत आल्या आणि दारात थांबल्या. आहेरांनी त्यांना पाहिलं. स्टुलावरून उतरावं की नाही हे न कळून ते तसेच उभे राहिले. निर्मलाताई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांचा चेहरा या पंधरा दिवसांत जरा भरला होता. झोप लागत असावी.

त्या बोलल्या माझ्याशी, पण बघत होत्या आतच. "त्यांना विचार गं," त्या म्हणाल्या. "तिला कळलं असेल का? त्रास झाला असेल का?"

मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. पाच पावलांवर तर होते ते. आहेरांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही. त्यांनी बघितलं नाही.

"नाय ताई," ते म्हणाले. "झोप लागते माणसाला. काय कळत नाय. तिला काय बी कळलं नसंल."

"खरं?"

"खरं, ताई."

निर्मलाताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. डोळ्यांना पदर लावला. मग जायला वळल्या आणि वळता वळता म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय. हे झालं की वर या. मी चहा ठेवते."

"येतो," आहेर म्हणाले.

वर त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. आहेर स्टुलावर उभे होते तसेच उभे राहिले, दोन्ही हातांनी गीझर भिंतीशी धरून.